२७१ गाठी, १६२ रेणू आणि पाव किलो मटण : एका प्रकल्पाच्या नोंदी

१२ नोव्हेंबर २०२४

विषय ठरला. स्तनाच्या कॅन्सरच्या गाठीत कुठले लहान रेणू (साखरा, अमिनो आम्लं असे) किती प्रमाणात आहेत, एवढंच पाहून ती गाठ इस्ट्रोजेन रिसेप्टर पॉझिटिव्ह की निगेटिव्ह, म्हणजे तिच्या पेशींत इस्ट्रोजेन हार्मोनला पकडणारं प्रथिन आहे की नाही, हे सांगता येतं का, ते पाहायचं. पुढे सगळीकडे नुसतं ईआर लिहीन.

आम्ही चौघं आहोत. मी सोलापुरात संख्याशास्त्र शिकवतो. एमएस्सीची दोन मुलं आहेत, एक बार्शीचा आणि एक मोहोळहून रोज एसटीनं येणारी. चौथ्या पॅथॉलॉजीतल्या मॅडम. गाठीबद्दलचा शेवटचा शब्द त्यांचा, या अटीवरच त्या तयार झाल्या. बार्शीच्या मुलाला हा विषय परका नाही. देशातली ग्रामीण भागातली पहिली कॅन्सर नोंदणी १९८७ मध्ये त्याच्याच गावात सुरू झाली.

दिवाळीआधीचा बराच वेळ "आपले नमुने आपणच गोळा करू" या कल्पनेत गेला. हे लिहून ठेवतो, कारण असं काम करू पाहणारा प्रत्येक जण तिथूनच सुरुवात करतो. अडचणी अशा. लहान रेणूंचं मोजमाप करायचं तर गाठ काढल्याबरोबर तुकडा द्रव नायट्रोजनमध्ये, म्हणजे उणे १९६ अंशांवर गोठवावा लागतो आणि मग उणे ८० च्या फ्रीजरमध्ये ठेवावा लागतो. नेहमीच्या कामात तो फॉर्मॅलिनमध्ये पडतो. तिथून अल्कोहोल, झायलीन, मेण असा प्रवास होतो आणि पाण्यात विरघळणारे रेणू त्यात बहुतेक धुऊन निघतात. पेशींचा आकार टिकतो, रिसेप्टरही स्लाइडवर रंगवून दिसतात, पण आम्हाला हवं ते निघून गेलेलं असतं. म्हणजे कपाटात वर्षानुवर्षांचे मेणात बसवलेल्या तुकड्यांचे ब्लॉक असले तरी ते आमच्या कामाचे नाहीत. शिवाय नीतिसमितीची परवानगी, रुग्णांची संमती, मशिनचा खर्च. एमएस्सीच्या एका वर्षात यातलं काहीच बसत नाही.

म्हणून दुसऱ्यांनी मोजलेले, सर्वांसाठी खुले असलेले आकडे घ्यायचे ठरलं.

१९ नोव्हेंबर

तक्ता मिळाला. बर्लिनच्या शारिटे रुग्णालयाच्या पॅथॉलॉजी विभागातल्या गोठवलेल्या गाठी, गॅस क्रोमॅटोग्राफी आणि टाइम-ऑफ-फ्लाइट मास स्पेक्ट्रोमेट्रीनं मोजलेल्या, म्हणजे पदार्थांची वाफ करून ते वेगळे करायचे आणि तुकड्यांच्या वजनावरून ओळखायचे. एकूण २७१ नमुने, त्यात २०४ ईआर पॉझिटिव्ह आणि ६७ निगेटिव्ह. ओळख पटलेले रेणू १६२. याच आकड्यांवर २०१८ मध्ये डीप लर्निंगचा, म्हणजे अनेक थरांच्या न्यूरल नेटवर्कचा, एक शोधनिबंध निघाला आणि त्यात एयूसी ०.९३ दिली आहे. एयूसी म्हणजे दोन गट किती चांगले वेगळे झाले त्याचं माप: १ म्हणजे पूर्ण वेगळे, ०.५ म्हणजे नाणेफेक. आमच्यासाठी भिंतीवरची खूण तीच.

आमच्या प्रतीत नमुना, त्याची ईआर स्थिती आणि १६२ रकाने एवढंच आहे. वय नाही, गाठीचा आकार नाही, मशिनवर नमुने कुठल्या क्रमानं चढवले ते नाही. हे नसणं पुढे किती महागात पडणार होतं, ते त्या दिवशी ध्यानात आलं नव्हतं.

पहिल्याच संध्याकाळी मुलीनं एक मॉडेल चालवलं. अचूकता ७५ टक्क्यांच्या थोडी वर. "सर, पहिल्या फटक्यात चांगलं यायलंय!" तिला म्हटलं, डोळे मिटून प्रत्येक गाठीला पॉझिटिव्ह म्हण. २०४ भागिले २७१ म्हणजे ७५.३ टक्के. मॉडेल जवळपास तेच करत होतं. निगेटिव्ह गाठींपैकी मूठभरच त्याला सापडल्या होत्या, आणि उपचाराच्या दृष्टीनं ज्या गाठी चुकल्या तर नुकसान होतं त्या त्याच. ईआर निगेटिव्हला हार्मोन अडवणाऱ्या गोळ्यांचा उपयोग होत नाही.

तेव्हापासून आमच्या वहीत 'अचूकता' हा शब्द बंद. निगेटिव्ह किती पकडल्या, पॉझिटिव्ह किती पकडल्या आणि एयूसी, एवढंच लिहायचं.

२८ नोव्हेंबर

आठवडा नावांत गेला. एकाच रेणूला चार नावं असतात. तक्त्यातलं नाव, एचएमडीबी या मानवी शरीरातल्या रेणूंच्या कॅनडातल्या कोशातलं नाव आणि चयापचयाच्या मार्गिकांच्या यादीतलं नाव जुळवायला बसलो, तर आम्लांनी वैताग आणला. ग्लुटामिक आम्ल की ग्लुटामेट? बीटा-अ‍ॅलानीन की ३-अमिनोप्रोपिऑनिक आम्ल? संगणकाला हे वेगवेगळे पदार्थ वाटतात. मुलीनं शेवटी आपोआप जुळवणं सोडून दिलं आणि सगळी यादी छापून पेन्सिलीनं टिपली. छपाईचे चाळीस रुपये. मला वाटतं हे पहिल्या दिवशीच करायला हवं होतं, कारण यादी हातानं टिपताना प्रत्येक रेणू काय आहे हे वाचावंच लागतं.

ते वाचताना एक महत्त्वाची गोष्ट हाती लागली. गॅस क्रोमॅटोग्राफीत पदार्थाची वाफ व्हावी लागते. अमिनो आम्लं आणि साखरा आपल्या आपण वाफ होत नाहीत. म्हणून त्यांना आधी मेथॉक्सिअमीन आणि मग एमएसटीएफए नावाचं रसायन लावून त्यांच्या अंगावर सिलिकॉनचे गट चढवतात. या रसायनाचे दुष्परिणाम आहेत. ग्लुकोजसारखी साखर मशिनच्या आलेखावर दोन शिखरं देते, म्हणजे एकाच गोष्टीचे दोन पुरावे दिसू शकतात. आणि ग्लुटामीन व काही प्रमाणात ग्लुटामेट तापवताना वळसा घेऊन पायरोग्लुटामेट होतात. म्हणजे तक्त्यातलं ग्लुटामीन कमी दिसलं, तर ते गाठीनं खाल्लं की नळीत बदललं, हा प्रश्न उरतोच. सगळे नमुने एकाच पद्धतीनं केलेले असतील तर तुलना टिकते. पण 'इतके मायक्रोमोल' असं काही म्हणायचं नाही, हे ठरवून टाकलं. आमच्याकडे आहेत ती शिखरांची उंची, प्रमाण नव्हे.

७ डिसेंबर

तक्त्यात एकही रिकामा रकाना नाही. बार्शीचा खूश, मी नाही. अशा मोजणीत रिकामे रकाने असतातच. नसले तर कुणीतरी भरले आहेत.

मूळ कामात ज्या रेणूंचे बरेच रकाने रिकामे होते ते वगळले आणि बाकीचे शेजारच्या सारख्या नमुन्यांवरून भरले. पद्धत रूढ आहे. पण अशा तक्त्यात रकाना रिकामा राहतो तो बहुतेक वेळा पदार्थ फार कमी असल्यामुळे, मशिनच्या नजरेखाली गेल्यामुळे. शेजाऱ्यांकडे तो दिसण्याइतका होता म्हणूनच त्यांचा आकडा आहे. मग त्यांची सरासरी उचलून इथे टाकली तर गरिबाच्या घरी श्रीमंताचा पगार नोंदल्यासारखं होतं.

किती फरक पडतो ते पाहायला आम्ही मुद्दाम दोन-चार रेणूंची तळातली मूल्यं खोडली आणि दोन पद्धतींनी परत भरली. शेजाऱ्यांवरून भरलेली जवळपास सगळी खऱ्यापेक्षा वर आली. सर्वांत लहान मूल्याच्या निम्मं टाकण्याची बाळबोध पद्धत खऱ्याच्या जास्त जवळ गेली. मिळालेल्या तक्त्यात आता काही करता येत नाही, पण ज्याला कच्चा तक्ता मिळेल त्यानं हे आधी करून पाहावं.

लॉग घेतला, प्रत्येक रेणू मध्य शून्य आणि विचलन एक असा केला. यात सांगण्यासारखं काही नाही.

१८ डिसेंबर

पीसीए, म्हणजे १६२ रकान्यांचा दोन अक्षांवरचा सारांश, काढला. दोन रंगांचे ठिपके एकमेकांत मिसळलेले, डाळ-तांदळासारखे. मुलांचे चेहरे पडले. मग बार्शीच्यानं पीएलएस-डीए ही दुसरी पद्धत चालवली आणि लगेच सुंदर चित्र आलं: एका बाजूला निळे, दुसऱ्या बाजूला लाल. हा आलेख त्यानं फोनवर मॅडमना पाठवूनही दिला.

पीएलएस-डीएला उत्तर आधीच माहीत असतं आणि ते वेगळे दिसावेत म्हणूनच तो अक्ष फिरवतो. म्हणून त्याला सांगितलं, ईआरच्या लेबलांची पत्त्यांसारखी पिसणी कर आणि तेच चित्र परत काढ. काढलं. इतकं सुंदर नाही, पण दोन ढग इथेही दिसतच होते, आणि हे ढग निव्वळ खोटे.

याहून ठसठशीत गोष्ट त्याच दिवशी घडली. दोन्ही गट सारखे असावेत म्हणून मुलीनं ६७ निगेटिव्हच्या जोडीला ६७ पॉझिटिव्ह उचलले. एकूण १३४ नमुने. साध्या रेषीय मॉडेलनं सगळे बरोबर सांगितले, शंभरपैकी शंभर. लेबलं पिसली, तरी शंभरपैकी शंभर. कारण नमुने १३४ आणि रकाने १६२. रकाने नमुन्यांपेक्षा जास्त झाले की कुठल्याही वाटणीला चालणारी रेषा सापडतेच. फळ्यावर हे मी दर वर्षी सिद्ध करून दाखवतो आणि मुलं दर वर्षी लिहून घेतात. स्वतःच्या तक्त्यात दिसल्यावर पहिल्यांदा त्यांना ते खरं वाटलं.

नियम केला: शिकवलेल्या नमुन्यांवरचा कुठलाही आकडा वहीत लिहायचा नाही. आणि प्रत्येक निकालाच्या शेजारी पिसलेल्या लेबलांचा निकाल लिहायचा.

४ जानेवारी २०२५

क्रॉस व्हॅलिडेशन (चार भागांवर शिकवायचं, पाचव्यावर तपासायचं, आळीपाळीनं) पाच भागांत बसवलं, प्रत्येक भागात निगेटिव्हचं प्रमाण सारखं. आता आकडे खरे वाटायला लागले. एयूसी ०.९ च्या खाली-वर. पण भागागणिक उडी मोठी. हिशेब केला: ६७ निगेटिव्ह पाच भागांत वाटल्या की प्रत्येकाला तेरा-चौदा येतात. तेरांपैकी एक गाठ इकडची तिकडे झाली की निगेटिव्ह पकडण्याचं प्रमाण सात-आठ टक्क्यांनी हलतं. एवढ्या ढिल्या काट्यावर ०.९१ आणि ०.९३ यांत फरक आहे असं म्हणणं धाडसाचं. भाग वेगवेगळ्या तऱ्हेनं पाडून पुन्हा पुन्हा चालवायचं आणि पसारा लिहायचा, असं ठरलं.

लॅपटॉप आठ जीबीचा, तो तापतो. रात्रभर चालवायला ठेवलं की विजापूर रोडला पहाटे लाइट जाते आणि सगळं पहिल्यापासून. मुलीनं प्रत्येक फेरीनंतर निकाल फाइलमध्ये जमा करायची सोय केली. दहा ओळींचं काम, पण तिच्याआधी कुणाला सुचलं नव्हतं.

१६ जानेवारी

गड्ड्यामुळे, म्हणजे सिद्धेश्वरांच्या यात्रेमुळे, काम बंद. नंदीध्वजांच्या मिरवणुकीच्या दिवसांत सोलापुरात कोणाकडून काम करून घेण्याची अपेक्षा ठेवू नये.

२५ जानेवारी

मॅडम आल्या तेव्हा मुलं त्यांना सर्वांत वजनदार रेणूंची यादी दाखवत होती. बीटा-अ‍ॅलानीन, ग्लुटामेट, ग्लुटामीन, झँथीन. मूळ बर्लिनच्या कामातही ईआर निगेटिव्ह गाठींत बीटा-अ‍ॅलानीन, २-हायड्रॉक्सिग्लुटारेट, ग्लुटामेट, झँथीन वाढलेले आणि ग्लुटामीन घटलेलं आढळलं होतं. म्हणजे आम्ही वाटेवर होतो. मॅडमनी यादी पाहिली आणि एकच प्रश्न विचारला. "गाठ काढल्यापासून गोठवेपर्यंत किती वेळ गेला?"

आमच्या प्रतीत ते नाही.

त्यांचा मुद्दा असा. रक्तपुरवठा बांधला की पेशी लगेच मरत नाहीत. आत असलेली साखर त्या ऑक्सिजनशिवाय जाळत राहतात, लॅक्टेट साठत जातं. एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, मोडत मोडत हायपोझँथीन आणि पुढे झँथीनपर्यंत येतं. म्हणजे झँथीन जास्त दिसलं, तर तो गाठीचा स्वभाव असेल, नाहीतर ती ट्रेमध्ये जास्त वेळ पडून होती एवढंच असेल. लॅक्टेटचंही तसंच. जर्मन शास्त्रज्ञ वॉरबर्गपासून, म्हणजे १९२० च्या दशकापासून, लॅक्टेट आणि कॅन्सर ही जोडी सगळ्यांना पाठ आहे, आणि तरीही वेळ न लिहिता मोजलेलं लॅक्टेट बिनकामाचं.

मुलांना हे पटलं, पण डोळ्यांनी पाहिल्याशिवाय किती ते कळेना. म्हणून करून पाहिलं. सकाळी बकरा कापल्याबरोबर दुकानातून पाव किलो मांडीचं मटण आणलं. अर्धं बर्फात, अर्धं टेबलावर. वेळोवेळी छोटा तुकडा घेऊन दहापट गार डिस्टिल्ड पाण्यात वाटायचा आणि रसायनशास्त्राच्या लॅबमधल्या पीएच मीटरवर मोजायचा: लॅक्टेट साठत जातं तशी आम्लता वाढते आणि पीएच उतरतो. खर्च: मटणाचे दोनशे रुपये आणि बफरच्या गोळ्या.

पहिला प्रयत्न वाया गेला. मिक्सरमध्ये वाटताना तुकडा गरम होतो आणि जी प्रक्रिया थांबवायची तीच जोरात होते. आकडे स्थिर होईनात. मांस तपासणाऱ्या प्रयोगशाळा अशा वेळी आयोडोअ‍ॅसिटेट घालून साखर जाळणं तिथल्या तिथे थांबवतात. ते विषारी आहे, मुलांच्या हाती द्यायचं नव्हतं. म्हणून मिक्सर सोडून बर्फातल्या खलबत्त्यात ठेचलं आणि लगेच मोजलं.

मग चित्र साफ आलं. सुरुवातीला पीएच सातच्या जवळ. टेबलावरचं मटण दुपारपर्यंत सहाच्या खाली उतरलं. बर्फातलं खूप मागे रेंगाळलं. दोन्ही तुकडे एकाच बकऱ्याचे, एकाच मांडीचे. त्या दिवशी मॉडेलला हे दोन नमुने दिले असते तर त्यानं दोन 'प्रकार' शोधून दाखवले असते.

स्नायूत ग्लायकोजन भरपूर असतं, गाठीत तितकं नसतं, त्यामुळे हा आकडा गाठीला लावायचा नाही. दिशा तेवढी पाहायची. शिवाय उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या पुढे गेल्यावर आमच्याकडे हेच किती वेगानं होईल ते वेगळं सांगायला नको.

संध्याकाळी झँथीन, लॅक्टेट आणि एटीपी मोडल्यावर निघणारे बाकीचे रेणू काढून टाकले आणि सगळं परत चालवलं. एयूसी थोडीच खाली आली. हा माझ्या मते आतापर्यंतचा सर्वांत भरवशाचा निकाल. वेळेवर हलणारे ठळक रेणू वगळूनही ओळख बरीचशी टिकते. उशीर दोन्ही गटांत सारखाच झाला असेल तर मुळात धोकाच नव्हता, पण ते आम्हाला तपासता येत नाही.

उरलेलं मटण मुलांनी नेलं. बर्फातलं.

८ फेब्रुवारी

गुणोत्तरांचा नाद. याला कारण आहे. तुकडा थोडा मोठा-छोटा असला की सगळी शिखरं एकत्र वर-खाली होतात, आणि एका रेणूला दुसऱ्यानं भागलं की तो गोंधळ कटतो. त्यात ग्लुटामेट भागिले ग्लुटामीन याला अर्थही आहे: ग्लुटामिनेज नावाचं विकर (एन्झाइम) ग्लुटामीनचं ग्लुटामेट करतं, म्हणजे गुणोत्तर हे त्या विकराच्या कामाचं ढोबळ माप झालं.

बर्लिनच्या त्याच गटानं २०१२ मध्ये २७१ गाठी आणि ९८ निरोगी तुकड्यांची तुलना केली होती. तिथे सायटिडीन मोनोफॉस्फेट भागिले पेंटाडेकॅनोइक आम्ल या एका गुणोत्तरानं कॅन्सर आणि निरोगी ऊती नव्वदीच्या बऱ्याच वर संवेदनशीलतेनं वेगळ्या झाल्या. वाचून मुलं भारावली. मी जरा साशंक. वरचा रेणू भराभर वाढणाऱ्या पेशींचा, खालचं पंधरा कार्बनचं आम्ल चरबीतलं. निरोगी स्तनात चरबी भरपूर, गाठीत पेशी भरपूर. म्हणजे हा काटा काही अंशी 'चरबी की पेशी' एवढंच तोलतो, आणि ते सूक्ष्मदर्शकाखाली मॅडमना एका नजरेत दिसतं. गाठ विरुद्ध निरोगी हा सोपा पेपर आहे. गाठ विरुद्ध गाठ, हा अवघड. आम्ही अवघड घेतला म्हणून आमचे आकडे कमी दिसतात, हे मुलांना अधूनमधून सांगावं लागतं.

तर सगळी गुणोत्तरं काढली. १६२ रेणूंच्या जोड्या होतात १३,०४१. त्यातल्या सर्वांत चांगल्या वीस निवडल्या, मॉडेलला दिल्या, पाच भागांत तपासलं. एयूसी एकदम झेपावली, ०.९३ च्या पुढे. बार्शीचा खुर्चीतून उठला. "सर, छापायचं काय बे आता!" मग स्वतःच जीभ चावली. बे मला नव्हता, जोशात गेला.

नियमाप्रमाणे पिसलेली लेबलं दिली. ०.५ च्या आसपास यायला हवं. आलं ते कितीतरी वर. पिसलेल्या लेबलांतही 'कॅन्सरचा प्रकार' ओळखला जात होता.

घोटाळा असा: सर्वांत चांगली वीस गुणोत्तरं निवडताना २७१ ही नमुने पाहिले होते. भाग नंतर पाडले. म्हणजे परीक्षेचे प्रश्न निवड करतानाच फुटले होते. तेरा हजार जोड्यांत निव्वळ योगायोगानं जुळणाऱ्या शेकड्यांनी सापडतात. १६२ रेणूंतसुद्धा पाच टक्क्यांच्या पातळीवर आठ रेणू फुकट 'महत्त्वाचे' ठरतात. अँब्रॉइज आणि मॅकलाखलन यांनी २००२ मध्ये जनुकांच्या तक्त्यांबद्दल नेमकं हेच दाखवलं होतं, तरी अजून लोक पडतात, कारण प्रोग्राम कुठेही अडत नाही आणि आकडा छान येतो.

दुरुस्ती: निवड, लॉगनंतरचं प्रमाणीकरण, सगळं प्रत्येक भागाच्या आत, फक्त शिकवण्याच्या नमुन्यांवर. पिसलेली लेबलं ०.५ वर आली. खरी लेबलं पुन्हा ०.९ च्या खाली-वर. गुणोत्तरांनी मिळालेला फायदा जवळपास पुसला गेला. एक टिकलं, प्रत्येक फेरीत निवडलं गेलं: ग्लुटामेट भागिले ग्लुटामीन. बाकीची गुणोत्तरं दर फेरीला बदलत होती.

या एका नोंदीत जवळजवळ दोन आठवड्यांचं काम आहे. मधल्या काळात आम्ही चुकीच्या आकड्यांवर एक पोस्टरही तयार केलं होतं. फ्लेक्सचे तीनशे रुपये गेले.

२० फेब्रुवारी

प्रत्येक फेरीत चुकणाऱ्या गाठी वेगळ्या काढल्या. गंमत म्हणजे त्या बदलत नाहीत. त्याच त्या मोजक्या गाठी कुठलंही मॉडेल लावलं तरी चुकतात. मुलांचं म्हणणं पडलं, यांचे आकडे खराब असतील, काढून टाकू. काढल्या की एयूसी अर्थातच चढते. मी नाही म्हटलं आणि मॅडमना विचारलं.

मॅडमनी समजावलं की पॉझिटिव्ह-निगेटिव्ह ही रेघ माणसानं ओढलेली आहे. स्लाइडवर किती टक्के केंद्रकं रंगली ते पाहतात. २०१० च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांनी एक टक्का रंगलं तरी पॉझिटिव्ह म्हणायचं ठरवलं. २०२० मध्ये त्याच सूचनांत एक ते दहा टक्क्यांना 'लो पॉझिटिव्ह' असं वेगळं नाव आलं, कारण यातल्या बऱ्याच गाठी वागायला निगेटिव्हसारख्या असतात. म्हणजे दोन टक्के रंगलेली आणि पंच्याण्णव टक्के रंगलेली गाठ आमच्या तक्त्यात एकाच नावाखाली असू शकते. मॉडेल दोन टक्केवालीला निगेटिव्ह म्हणालं, तर चूक कोणाची?

टक्केवारी आमच्या प्रतीत नाही. त्यामुळे त्या गाठी तिथेच ठेवल्या, वेगळी यादी करून. काढून टाकल्या असत्या तर उत्तर सोपं करून घेतल्यासारखं झालं असतं.

दुसरं कारणही त्यांनीच सांगितलं. तुकड्यात गाठ किती आणि आजूबाजूची चरबी, तंतू किती? तीस टक्केच गाठ असलेल्या तुकड्याचे रेणू बहुतांशी शेजाऱ्यांचे. म्हणून गोठवलेल्या तुकड्याची एक पातळ चकती कापून रंगवून पाहायची आणि गाठीचं प्रमाण लिहायचं.

३ मार्च

न्यूरल नेटवर्क. मुलांचा हट्ट होता, आणि भिंतीवरची खूणही त्याचीच. फुकटच्या क्लाउडवर चालवलं. निकाल रिज लॉजिस्टिक या साध्या रेषीय मॉडेलच्या पसाऱ्यातच पडला. कधी थोडा वर, कधी खाली. बियाणं, म्हणजे यादृच्छिक सुरुवात, बदलली की निकाल जेवढा हलतो तेवढाच दोन पद्धतींतला फरक. आमच्या हातात कसब कमी असेल हेही शक्य आहे. पण १६२ रकाने आणि २७१ ओळींवर मी तरी साधं मॉडेल घेईन: कुठल्या रेणूला किती वजन दिलं ते वाचता येतं, आणि मॅडमच्या प्रश्नाला उत्तर देता येतं.

१५ मार्च

लेबलं बाजूला ठेवून गाठी आपल्या आपण कशा गटांत पडतात ते पाहिलं. नॉर्वेतल्या संशोधकांनी २०१६ मध्ये २२८ गाठींचे चुंबकीय अनुनादाचे (एनएमआर) आलेख घेऊन तीन चयापचयी गट मांडले होते, आणि ते जनुकांवरून पाडलेल्या प्रकारांशी सरळ जुळले नव्हते. म्हणजे रेणू काहीतरी निराळं सांगत असावेत. आमच्या तक्त्यातही तीन गट काढता आले. चारही आले. दोनही. नमुन्यांचा पाचवा भाग वगळून परत काढले की सीमेवरच्या गाठी गट बदलतात. एक गट मात्र कायम टिकला, आणि त्यात चरबीची आम्लं जास्त होती. गाठीचं प्रमाण माहीत नसताना त्याला 'चरबीप्रधान प्रकार' म्हणणं म्हणजे फेब्रुवारीत शिकलेलं विसरणं. हा भाग अहवालात घातला नाही. मुलगी नाराज झाली, तिनं चित्रं फार देखणी काढली होती.

२९ मार्च

अहवाल दिला. त्यात एक तक्ता आहे: पद्धत, निगेटिव्ह किती पकडल्या, पॉझिटिव्ह किती पकडल्या, एयूसी, त्यांचा पसारा आणि शेजारी पिसलेल्या लेबलांचं तेच सगळं. परीक्षकांनी शेवटचा रकाना कशासाठी म्हणून विचारलं आणि बार्शीच्यानं मटणाच्या गोष्टीपासून सुरुवात केली. त्यांना ती शेवटपर्यंत ऐकावी लागली.

पुढच्या तुकडीसाठी मॅडम आणि आम्ही एक फॉर्म करतोय. उद्या कधी आपल्याकडे नमुने गोठवायची सोय झालीच, तर पहिल्या नमुन्यापासून लिहायचं काय? मुलांनी केलेल्या मसुद्यात बरेच रकाने होते: रक्तवाहिनी बांधल्याची वेळ, गाठ बाहेर आल्याची वेळ, नायट्रोजनमध्ये टाकल्याची वेळ, खोलीचं तापमान, रुग्ण किती तास उपाशी, तुकड्यात गाठ किती टक्के, ईआरची टक्केवारी आकड्यात, मशिनवर चढवल्याचा क्रमांक. मॅडमनी लाल पेन घेऊन खोलीचं तापमान आणि गाठ बाहेर आल्याची वेळ खोडली. ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर एवढं लिहिणार नाहीत, म्हणाल्या, आणि लिहायला लावलं तर संध्याकाळी सगळ्यांची वेळ एकच टाकतील. बांधल्याची आणि गोठवल्याची, दोनच वेळा ठेवू. त्या भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून लिहायच्या, मोबाइलकडे नाही, कारण मोबाइल बाहेर लॉकरमध्ये असतो.

घड्याळ थिएटरमधलं आणि लॅबमधलं एकच वेळ दाखवतं का, ते पाहायला सोमवारी मुलगी जाणार आहे.